तीन वाव, दोन मुठी

आत्याने मला शेडमध्ये उभं केलं
आणि माप घेतलं माझ्याच अंगाने:
लांबी तीन वाव, माझे पसरलेले हात तीनदा;
रुंदी कमरेएवढी, वर दोन मुठी;
खोली एक मूठ आणि वर उभा अंगठा.
"दुसऱ्याच्या मापाची कयाक म्हणजे
दुसऱ्याची कवळी," तुकुम्मेक आत्या म्हणाली
आणि दातांतला दोरा तोडला.

बाहेर फ्योर्डमध्ये जूनचा बर्फ
एकमेकांवर घासत होता,
कुणीतरी रात्री उशिरा भांडी आवरावीत तसा.

दारात डेल्बर्ट, माझ्या बहिणीचा नवरा,
ओंटारिओच्या तळ्यांकडचा अनिशिनाबे माणूस.
त्याच्या वडिलांची कनू बर्चच्या सालीची.
"आमची होडी उघडी," तो म्हणाला,
"आत गुडघे टेकायचे. वल्ह्याला पातं एकच,
एकाच बाजूने मारायचं, शेवटी मनगट वळवायचं,
नाहीतर ती भरकटते.
दोन पोरं, कुत्रा, तांदळाचं पोतं, तंबू
आणि रुसलेली बायको, सगळं मावतं.
नदी आटली की होडी डोक्यावर घ्यायची
आणि जंगलातून चालत पुढचं तळं गाठायचं."

आत्या हसली.
"आमच्यात होडीत बसत नाहीत. होडी घालतात."
आणि मला सांगाड्यात सरकवून दाखवलं:
पाय सरळ पुढे, टाचा फासळीला टेकलेल्या,
मांड्या वरच्या फळीला भिडलेल्या,
वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती, डावं, उजवं, डावं.
कमरेभोवती झालर ताणली
की माणूस कुठे संपतो, होडी कुठे सुरू होते,
हे सीललासुद्धा कळत नाही.

कातडं आता सहज मिळत नाही. कॅनव्हास शिवला,
रंग लावला, झालं.
तरी एका जुन्या तुकड्यावर तिने मला तो टाका शिकवला:
सुई कातड्याच्या निम्म्यातच फिरते,
पलीकडे निघत नाही.
पलीकडे निघाली की पाण्याला वाट सापडते.

मग, कुणी विचारलं नसताना, तिने आजोबांचं सांगितलं.
वादळात ते कधी घाबरले नव्हते.
एका दुपारी वारा पडला. पाणी आरसा,
आकाश त्यातच, समोर सूर्य,
आणि त्यांना वाटलं, कयाक भरतेय,
पायांतून गार काहीतरी वर चढतंय.
आत थेंबही नव्हता.
हात हलवला असता तर सगळं मोडलं असतं,
पण हात हलेना.
शेजारच्याने आपली कयाक आणून बाजूला लावली,
वल्ह्याने त्यांच्यापुढचं पाणी ढवळलं,
तेव्हा कुठे पाणी पुन्हा पाणी झालं.
त्यानंतर ते कयाकमध्ये बसले नाहीत.

डेल्बर्ट बराच वेळ गप्प.
"कनूत मागे कुणीतरी असतं," तो म्हणाला.
"उमियाकमध्येही असायचं," आत्या म्हणाली,
"बायकांची होडी. तुमच्यासारखीच उघडी,
पोरं, कुत्री, तंबू, भांडण, सगळं आत."
आणि माझ्याकडे बघून,
"तुला मात्र एकटीची हवी झाली."

ऑगस्टमध्ये मी पहिल्यांदा उलटले.
खाली हिरवा काळोख, कानात माझंच रक्त,
वर कुठे, खाली कुठे, काही कळेना.
कंबर झटकली. अर्धी वर आले, परत आत.
झालर ओढून बाहेर पडले, नाकात समुद्र.
आत्या छातीपर्यंत रबरी कपड्यात उभी,
हात पुढे करून, पण धरत नव्हती.

पाचव्यांदा वर आले.
वारा नव्हता. फ्योर्ड गुळगुळीत पडलेला,
डोंगर त्यात उलटे.
मी हललेच नाही क्षणभर.

आणि डेल्बर्ट, गुडघाभर पाण्यात,
फळी तासून केलेलं एका पात्याचं वल्हं घेऊन
काही न बोलता
माझ्याभोवतीचं पाणी ढवळत होता.